चोपन्न नंबरची सायकल

एकाच माणसाला तीनदा सुई टोचायची वेळ अकरा वर्षांत हेमांगीवर कधी आली नव्हती. त्या सोमवारी आली.

वसई रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त घ्यायचं काम करायची. ज्यांच्या शिरा लवकर सापडत नाहीत अशी सगळी माणसं तिच्या टेबलावर पाठवली जायची. "हेमांगी मॅडम आहेत का?" असं विचारून, ती नसेल तर दुसऱ्या दिवशी येणारे पेशंट होते. त्या दिवशी समोर सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. शीर चांगली टपोरी, डोळ्यांना दिसणारी. हेमांगीनं सुई धरली आणि ती बोटांतच फिरली. पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्यांदा सुई शिरेच्या आरपार गेली आणि कोपराच्या वळणात निळं टेंगूळ आलं. तिसऱ्यांदा बाई कळवळून म्हणाल्या, "अगं, शिकाऊ आहेस का तू?"

दुपारी लॅबच्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. "हात दाखव," म्हणाले. त्यांनी एक कागद तिच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरायला दिला आणि हलकेच ओढला. कागद सुटला. डाव्या हातातून मात्र सुटेना.

"हे बरं होईपर्यंत सुईला हात लावायचा नाही. उद्यापासून काउंटरवर बस, रिपोर्ट दे."

हेमांगी "हो सर" म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दोन वर्षं अधूनमधून बधिर व्हायचं. रविवारी सायकल चालवली की सोमवारी मुंग्या, मंगळवारी जरा कमी, बुधवारी बरं. आता बुधवार येतच नव्हता.

तिचा नवरा भूपेश सायकल क्लबचा कॅप्टन होता. उमेळ्याला त्याचं वडिलोपार्जित घर, मागे उरलेली थोडी वाडी, आणि पूर्वेला औद्योगिक वसाहतीत खोके बनवायचा छोटा कारखाना. सायकलिंग हे त्याचं खरं आयुष्य. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पार करायच्या लांबच्या राइड असतात, दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या, त्या सगळ्या त्यानं तीनदा पुऱ्या केल्या होत्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो किल्ल्याजवळच्या मैदानात नव्या लोकांना सायकल मापात कशी बसवायची ते फुकट शिकवायचा. टेप, ओळंबा, कोन मोजायची पट्टी, सगळं साहित्य घेऊन.

तीन वर्षांपूर्वी हेमांगीच्या वाढदिवसाला त्यानं तिला रोड बाइक, म्हणजे शर्यतीची सायकल आणली. काळी, चकचकीत. अंगणात तिच्यावर रिबन बांधून फोटो काढला आणि क्लबच्या ग्रुपवर टाकला. दोनशे लोकांनी बदाम पाठवले. हेमांगी पाच फूट एक इंच. पहिल्या दिवशी सीटवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला लागेनात. भूपेश म्हणाला, "रोड बाइकला पाय टेकायचे नसतात." तिला ते खरं वाटलं. त्या बाबतीत तो सांगेल ते तिला खरंच वाटायचं.

पहिल्याच महिन्यात मान धरली. मग खांदे, मग हात. भूपेशचं उत्तर तयार असायचं. "पोटाचे स्नायू कमकुवत आहेत तुझे. प्लँक मार." ती रोज पहाटे साडेचारला उठून प्लँक मारायला लागली. तीस सेकंदांवरून चार मिनिटांवर गेली. हात बधिरच. त्यानं जेलचे ग्लोव्हज आणले, हँडलवर जाड टेप गुंडाळली, दोनदा हँडलचा दांडा बदलून आखूड केला. "आता तरी जमेल?" असं विचारताना त्याच्या आवाजात थकवा असायचा, जणू तीच त्याला छळत होती.

खाण्याचंही तसंच. लांबच्या राइडवर दर अर्ध्या तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर चार-पाच तासांनी माणूस रिकाम्या पोत्यासारखा होतो. हेमांगीला हे कळत होतं. पण त्या सायकलवर एक हात सोडून पाठीच्या खिशातून खजूर काढायचा म्हटलं की सायकल डुगडुगायची, कारण तिचं अर्धं वजन हातांवरच असायचं. म्हणून ती खायचं टाळायची आणि शंभर किलोमीटरनंतर डोळ्यांपुढे अंधारी यायची. भूपेशनं तिच्या घड्याळात दर वीस मिनिटांनी वाजणारा गजर लावून दिला. "शिस्त नाही तुला खाण्याची," तो सगळ्यांसमोर म्हणायचा आणि हसायचा. लोकही हसायचे.

अशा अवस्थेत तिनं दोनशे केली, तीनशे केली. चारशेला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती तलासरीजवळ एका धाब्यावर सायकल टेकवून बसली. बोटांनी ब्रेक दाबला जात नव्हता. उजवीकडचे गिअर ती डावा हात पलीकडे नेऊन बदलत होती. ट्रकांच्या रस्त्यावर ब्रेक नसलेल्या हातानं उतरणं म्हणजे मरण होतं. नव्वद किलोमीटर राहिले होते आणि हातात नऊ तास होते. तिनं राइड सोडली.

पुढच्या रविवारी नाश्त्याला भूपेश चहाचा कप हातात घेऊन क्लबला म्हणाला, "हेमांगीची तयारी कमी पडली. पुढच्या सीझनला करेल." ती शेजारीच बसली होती. तिनं मान हलवली.

रक्त घ्यायचं काम गेल्यावर ती नसांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी हाताला बारीक झटके देऊन तपासणी केली.

"मनगटापाशी नस दबलीये. काय करता तुम्ही?"

"सायकल चालवते. आठवड्याला अडीचशे किलोमीटर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सायकल तुमच्या मापाची आहे ना?"

"हो," हेमांगी म्हणाली. "माझे मिस्टर तेच शिकवतात लोकांना."

मनगटाला पट्टा, तीन महिने सायकल बंद, गोळ्या. जिना उतरताना मधल्या पायरीवर ती थांबली. तिच्या नवऱ्यानं क्लबमधल्या पन्नास-साठ लोकांची मापं घेतली होती. मांडीची आतली उंची, हाताची लांबी, खांद्याची रुंदी. तिचं माप त्यानं कधी घेतलं होतं? ती आठवत राहिली. एकदाही नाही.

रिक्षा करून ती थेट वटारला गेली, रोवेनाकडे. रोवेना क्लबमधली जुनी. एका शाळेत गणित शिकवायची आणि घरच्या वाडीतली केळी उन्हात सुकवून सुकेळी करायची. उंचीनं हेमांगीएवढीच. अंगणात तिनं तट्ट्यावर केळी पसरली होती आणि माश्या हाकत बसली होती.

"तुझ्या सायकलवर बसू दे मला जरा," हेमांगी म्हणाली.

"पट्टा आहे ना हाताला?"

"नुसतं बसते."

रोवेनानं सायकल भिंतीला टेकवून धरली. हेमांगी बसली आणि तिनं हँडलवर हात ठेवले. तिचे कोपर वाकले. कुणी सांगितलं नाही, तिनं प्रयत्न केला नाही, ते आपोआप सैल वाकले. खांदे खाली आले. मान न ताणता समोरचं माडाचं झाड दिसलं. तीन वर्षं ती जे करायला धडपडत होती ते बसल्या बसल्या झालं.

"किती नंबरची फ्रेम आहे ही?"

"सत्तेचाळीस."

"माझी किती आहे?"

रोवेनानं तट्ट्यावरची दोन केळी उगाच उलटी केली.

"रोवेना, माझी किती आहे?"

"चोपन्न."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं मला. मी भूपेशला बोललेही. तो म्हणाला, 'गिफ्ट आहे, तिला सांगू नकोस, वाईट वाटेल तिला. मी करतो अॅडजस्ट.' त्यानं दांडा आखूड केला, सीट पुढे ढकलली, पार टोकापर्यंत. त्याच्यापुढे काही करण्यासारखं नव्हतं. अगं, नवराबायकोच्या मध्ये मी कशाला..."

"मी तुझ्या पुढे-मागे तीन वर्षं सायकल चालवतेय!" हेमांगी ओरडली. वाडीत काम करणाऱ्या बाईनं मान वर केली. "तू माझे हात चोळून दिलेस! नाल्याच्या फाट्यावर थांबून! तेव्हा तोंडात काय धरून बसली होतीस?"

रोवेनाचा चेहरा पडला. "सॉरी," ती म्हणाली.

"सुई धरता येत नाही मला. काउंटरवर बसवलंय." एवढं बोलून हेमांगी निघाली. मागून रोवेना काहीतरी म्हणाली, ते तिनं ऐकलं नाही.

घरी आली तेव्हा सहा वाजले होते. सासूबाई, कृष्णाबाई, ओटीवर माठाची भाजी निवडत बसल्या होत्या. भूपेश नुकताच कारखान्यातून येऊन पायरीवर बूट काढत होता. सासूबाईंच्या देखत हेमांगी नवऱ्याला नेहमी 'अहो-जाहो' करायची. त्या दिवशी ते राहून गेलं.

"माझी सायकल कितीची आहे?"

भूपेशनं बुटाची नाडी सोडता सोडता वर पाहिलं. "का गं?"

"कितीची आहे सांग."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"भूपेश, आकडा सांग."

तो उभा राहिला. एक बूट पायात, एक हातात. "चोपन्न. पण मी दांडा बदलून..."

"माझं माप काय आहे?"

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल."

"असेल? तू मोजलं होतंस?"

"मोजायची गरज नव्हती. दिसतंच ना." बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. मग तो भराभरा बोलायला लागला. दुकानात तिच्या मापाची सायकल नव्हती, यायला दोन महिने लागले असते, वाढदिवस आठवड्यावर आला होता. "आणि खरं सांगू का, मला वाटलं तू दोन महिन्यांत सोडून देशील. मग मला दुसरी म्हणून वापरता आली असती. उगाच पडून राहायला नको म्हणून..."

हेमांगीला वाटलं आपल्या कानशिलात कुणीतरी वाजवली. सायकल मोठी आहे हे तिनं वटारपासून उमेळ्यापर्यंत येता येता गिळलं होतं. हे तिला माहीत नव्हतं. रिबन बांधून, फोटो काढून दिलेली ती सायकल मुळात त्याची स्वतःची होती. तिला दोन महिन्यांपुरती दिली होती.

"मी सोडली नाही," ती म्हणाली. "दोन महिने झाले. सहा झाले. वर्ष झालं. तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा कसं बोलणार? सगळ्या क्लबला मी माप शिकवतो. लोक काय म्हणाले असते?"

"म्हणून मला म्हणालास पोट कमकुवत आहे?"

भूपेशनं हातातला बूट खाली ठेवला. कृष्णाबाईंनी भाजीची जुडी बाजूला सारली. त्यांना सायकलीतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. "चोळी शिवायची तर शिंपी आधी मापं घेतो," त्या मुलाला म्हणाल्या. "तू एवढी मोठी वस्तू आनलीस नि बायकोला माप नाय इचारलंस? नि वर तिलाच बोल लावत व्हतास? पोरीची मान मीच शेकून देत व्हते रोज. मला म्हनालास, सवय नाय तिला."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"कोन पडतंय मधी? मी पन या घरातच राहते."

त्यानंतरच्या रविवारी, महिन्याच्या पहिल्या, भूपेश नेहमीप्रमाणे साहित्य गाडीत टाकून मैदानात गेला. तो गेल्यावर अर्ध्या तासानं हेमांगी उठली. पट्टा बांधलेल्या हातानं तिनं काळी सायकल भिंतीवरून काढली आणि ढकलत निघाली. चालवायची बंदी होती, ढकलायची नव्हती. उमेळ्याहून मैदानापर्यंत ती पाऊण तास चालली. वाटेत ओळखीचे लोक विचारत होते, "पंक्चर का?" ती कुणाशी बोलली नाही. बोलली असती तर मैदानासाठी धरून ठेवलेलं सगळं रस्त्यावरच सांडलं असतं.

मैदानात वीसेक जण होते. भूपेशनं एक सायकल स्टँडवर चढवली होती आणि नताशा नावाची कॉलेजातली नवी मुलगी तिच्यावर बसली होती. "कोपर कधीही ताठ राहता कामा नये," भूपेश सांगत होता. "हात हँडलवर फक्त ठेवायचे, वजन टाकायचं नाही. सायकल आपल्या अंगाला आली पाहिजे. आपण सायकलला जायचं नाही."

"माझं माप घे," मागून हेमांगी म्हणाली.

सगळे वळले. भूपेशच्या हातात ओळंबा होता, तो लटकत राहिला. "हेमांगी, आपण घरी बोलू."

"घरी झालं बोलून. इथे माप घेतात ना सगळ्यांचं? फुकट? मग माझंही घे."

नताशा सायकलवरून उतरली. हेमांगीनं आपली सायकल स्टँडवर चढवली. एका हातानं जमेना, तेव्हा दोघांनी पुढे होऊन मदत केली. ती वर बसली. पायजम्याच्या पायाला चेनचं ग्रीस लागलं. तिनं हँडल धरलं. हात काठीसारखे ताठ, खांदे कानांपाशी. वीस माणसं बघत होती आणि कुणालाही पट्टीची गरज नव्हती.

"सर, ही मोठी आहे ना मॅडमना?" नताशानं विचारलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

भूपेश ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागला.

"जाऊ दे ना वहिनी," क्लबमधला एक जुना माणूस म्हणाला. "कशाला उगाच..."

हेमांगीनं वरूनच मान वळवली. "कशाला उगाच? तुम्ही तीन वर्षं माझ्या मागून सायकल चालवलीत. तुम्हाला दिसत नव्हतं? मी तलासरीत बसले तेव्हा तयारी कमी पडली म्हणून कोण कोण मान हलवत होतं? मीही हलवली. मला वाटलं माझंच अंग वाईट आहे. मी पहाटे साडेचारला उठून चार-चार मिनिटं प्लँक मारत होते, गाढवासारखी!" तिनं पट्ट्याचा हात वर केला. "या हातानं मी लोकांचं रक्त काढायचे. तुमच्या आईचंसुद्धा काढलंय, भाऊ. आता माझ्या हातात कागद राहत नाही."



"बोल," ती भूपेशला म्हणाली. "या सगळ्यांना जे शिकवतोस ते बोल."

"मोठी आहे," भूपेश म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"सायकल मोठी आहे. तिच्या मापाची नाही. मला माहीत होतं."

हेमांगी उतरली. सायकल तशीच स्टँडवर सोडून ती रस्त्यावर आली आणि रिक्षा थांबवली. जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. रिक्षात बसल्यावर दात थडथड वाजायला लागले, ते उमेळं येईपर्यंत थांबले नाहीत.

भूपेश नऊ दिवस तिच्याशी बोलला नाही. बाहेरच्या खोलीत झोपला. मग हळूहळू मीठ दे, किल्ली कुठे आहे, इतपत बोलणं सुरू झालं. मापाचे रविवार त्यानं बंद केले. काळी सायकल कुणीतरी टेंपोतून आणून टाकली, ती मागच्या पडवीत पडून राहिली.

दीड महिन्यानं रोवेना आली. हातात सुकेळ्यांची पुडी. ओटीवर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. "मला वाटलं, मी बोलले तर तुमच्यात भांडण माझ्यामुळे होईल. म्हणून गप्प बसले. चुकलं माझं."

"भांडण झालंच ना," हेमांगी म्हणाली. "फक्त तीन वर्षं उशिरा." पण पुडी तिनं परत केली नाही.

हात सुधारत होता, मुंगीच्या पावलानं. ती रोज कणकेचा गोळा दाबायची, रबर बोटांना लावून ताणायची. चौथ्या महिन्यात लॅबच्या डॉक्टरांनी पुन्हा कागद धरायला दिला, आणि तो सुटला नाही. सोप्या शिरांचे पेशंट तिला परत मिळाले, अवघड नाहीत. ज्या दिवशी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली त्या शनिवारी ती रोवेनाला घेऊन बोरिवलीच्या एका दुकानात गेली. तिथल्या माणसाला म्हणाली, "आधी माझं माप घ्या, मग सायकल दाखवा." सत्तेचाळीस. अॅल्युमिनियमची, साधी, राखाडी. टायर तिनं रुंद निवडले, बत्तीस मिलिमीटरचे. दुकानदार म्हणाला, बारीक टायर जास्त पळतात. "तुम्ही नालासोपाऱ्याच्या रस्त्यांवर पळवून दाखवा," ती म्हणाली.

पहिल्या लांब राइडला मनोरच्या पुढे तिच्या लक्षात आलं की ती खातेय. गजर नाही, कुणी ओरडणारं नाही. एक हात सोडून तिनं मागच्या खिशातून सुकेळं काढलं, दातांनी तोडलं, चावत चावत पायडल मारत राहिली, आणि सायकल रेषेत चालली. मिठाचं पाणी, सुकेळी, कृष्णाबाईंनी मिरची-मीठ लावून दिलेली तांदळाची भाकरी. शंभर किलोमीटरनंतरही डोळ्यांपुढे लख्ख उजेड होता. आनंद व्हायला हवा होता. तिला इतका राग आला की चढावर ती रोवेनाला दोनशे मीटर मागे टाकून गेली. एवढं सोपं होतं हे. शिस्त नाही म्हणे.

चारशेच्या पंधरा दिवस आधी नताशाचा मेसेज आला. "वहिनी, सर काल किती छान बोलले तुमच्याबद्दल! डोळ्यांत पाणी आलं." सोबत व्हिडिओ. भूपेशनं मापाचे रविवार पुन्हा सुरू केले होते. व्हिडिओत तो मैदानात उभा होता, हातात टेप. "मी स्वतःच्या बायकोला चुकीच्या मापाची सायकल दिली," तो सांगत होता. "माझा अहंकार आडवा आला. तिनं भोगलं. म्हणून तुम्हाला सांगतो, आधी माप." टाळ्या वाजल्या. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'रिस्पेक्ट कॅप्टन', 'असं कबूल करायला हिंमत लागते.'

हेमांगीनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मग स्वयंपाकघरात गेली. भूपेश चहा गाळत होता.

"हे पुन्हा सांगायचं नाही."

"अगं, मी माझी चूकच सांगतोय. तुझीच बाजू घेतोय."

"हात माझा गेला आणि टाळ्या तुला! घरात एकदा तरी बोललास का हे? मला? आठ महिने झाले, भूपेश. मैदानातल्या पोरांना सांगितलंस, मोबाइलला सांगितलंस. मला फक्त मीठ दे म्हणालास."

चहा कपाबाहेर जाऊन ओट्यावर सांडला. त्यानं फडकं घेतलं, पण पुसलं नाही, तसाच हातात धरून उभा राहिला.

"तू तीनशे केलीस ना," तो शेवटी म्हणाला, "त्या सायकलवर. तेव्हा मला कळलं की नीट सायकल मिळाली तर तू माझ्या पुढे जाशील. मी मनात म्हटलं, राहू दे. असं ठरवून नाही, पण... राहू दे म्हटलं. तू तलासरीत बसलीस तेव्हा मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

हे ऐकून हेमांगीचा राग दुप्पट व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला खरं काहीतरी सांगितलं होतं, आणि सांगताना तो कॅप्टनसारखा दिसत नव्हता.

"हे मी माफ करेन की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज तर नाहीच. आणि चारशेला तू यायचं नाहीस. सुरुवातीला नाही, वाटेत नाही, शेवटालाही नाही."

"बरं," तो म्हणाला.

तो आला नाही. व्हिडिओही त्यानं काढून टाकला. चारशेची राइड शनिवारी दुपारी चारला सुटली आणि रविवारी संध्याकाळी सहाला दहा कमी असताना हेमांगी पोचली. सत्तावीस तासांची मुदत होती, तिला सव्वीसही लागले नाहीत. तलासरीच्या धाब्यापाशी ती थांबली नाही, त्याच्याकडे बघून रस्त्यावर थुंकली मात्र. रोवेना अर्धा तास मागे होती. कार्डावर सही-शिक्का घेऊन हेमांगी कडेच्या हॉटेलात बसली आणि घरी फोन लावला. कृष्णाबाईंनी उचलला.

"झाली, आई."

"झाली? सगली?" म्हातारीचा आवाज चढला. "खाल्लंस का काय?"

"आता मागवतेय."

मागून पुरुषाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. "ह्यो इचारतो हात कसा हाय," सासूबाई म्हणाल्या.

"विचारायचं असेल तर स्वतः फोन करून विचार म्हणावं," हेमांगी म्हणाली आणि फोन ठेवला.

पोऱ्यानं मिसळ आणून ठेवली. दोन मिनिटांत फोन वाजला. स्क्रीनवर भूपेशचं नाव होतं. तिला फार भूक लागली होती. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. तिनं पाव रश्शात बुडवला, ताटली पुसून स्वच्छ केली, पाणी प्यायली, आणि मग उचलला.